पुढचा मृग उधारीविना: घर, शरीर आणि पैसा एकत्र सावरायला सुरुवात कशी करावी

मृग निघायच्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या 7-8 तारखेला, आमच्याकडं ज्याच्या घरात बियाणं-खताचे पैसे रोख आहेत तो मोकळा माणूस. बाकीचे कोणाच्या ना कोणाच्या दारात उभे असतात. कोणी कृषी केंद्रात उधारी लिहून घेतं, कोणी सावकाराकडं जातं, कोणी आठवडी हप्त्याच्या कर्जासाठी गटाच्या मीटिंगला बसतं. शहरात आर्थिक स्वातंत्र्य म्हटलं की पन्नाशीच्या आत नोकरी सोडणं डोळ्यांसमोर येतं. कोरडवाहू वावरावर चालणाऱ्या घरात त्याच्या तीन पायऱ्या आहेत. आधी एक मृग उधारीविना काढायचा, मग एक बुडालेलं वर्ष घरच्या पैशावर निभवायचं, आणि शेवटी म्हातारपण. हा लेख मुख्यतः पहिल्या दोन पायऱ्यांचा आहे, कारण त्या चढल्याशिवाय तिसरीबद्दल बोलून उपयोग नाही.

मी लग्न होऊन विदर्भातल्या आर्वी तालुक्यात आले त्याला सतरा वर्षं झाली. घरी सहा एकर. पहिली आठ वर्षं आम्ही दर जूनला हात पसरला. नवव्या वर्षी यांना भाकरीचा घास तोंडात घालताना त्रास होऊ लागला. तोंड पूर्ण उघडेना, तिखट लागलं की आग व्हायची. दाताच्या डॉक्टरांनी आत बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "दिवसाला खर्रे किती?" खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. आमच्या पैशाचं गणित त्या दिवशी सुरू झालं. पैसा, शरीर आणि घरातला पसारा हे तीन वेगळे विषय नाहीत हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

पहिला महिना फक्त लिहा

शंभर पानी वही घ्या, चुलीजवळ खिळ्याला दोरीनं पेन बांधा. रोज संध्याकाळी तीन गोष्टी लिहायच्या: काय आलं, काय गेलं, आणि गेलेल्यातलं कोणतं तोंडात गेलं. पहिला महिना काहीही बदलायचं नाही, कोणाला बोलायचं नाही. बोललात की घरातली माणसं खर्च लपवायला लागतात आणि वही खोटी होते.

महिन्याच्या शेवटी बेरीज करा. आमच्या वहीत किराण्याचा आकडा ठीक होता. टपरीवरचा चहा, पोरांची पाच-पाच रुपयांची पाकिटं आणि खर्रा या तिघांनी मिळून किराण्याला मागं टाकलं होतं. 30 रुपयांचा एक, असे दिवसाला दोन खर्रे म्हणजे 60 रुपये, वर्षाला 21,900. बीटी कपाशीच्या पाकिटाची ठरवून दिलेली किंमत 2025 च्या हंगामात 901 रुपये होती. म्हणजे एका माणसाच्या वर्षाच्या खर्ऱ्यात 24 पाकिटं येतात. आमच्या तीन एकर कपाशीला सहा लागतात. हा हिशेब मी यांना ऐकवला नाही, वही उघडून समोर ठेवली.

खर्रा सोडणं

विदर्भात आरोग्याची सुरुवात इथूनच करावी लागते. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकवर घोटून दिलेला खर्रा गावागावात मिळतो. लोकांना वाटतं, दोष तंबाखूचा आहे. तोंडाची उघड कमी करण्यात मोठा वाटा सुपारीचा असतो. तिच्यामुळं गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ आणि पांढरी पडते. ही अवस्था कर्करोगाच्या आधीची मानली जाते. म्हणून तंबाखू सोडून साधी सुपारी धरणं ही सुटका नाही.

आज रात्री घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तोंड उघडायला सांगा. त्याची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत जायला हवीत. जात नसतील, किंवा पंधरा दिवसांत न भरलेली जखम, पांढरा-लाल चट्टा असेल, तर वाट न पाहता दाताच्या डॉक्टरांकडं किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. आखडलेलं तोंड नुसतं खर्रा सोडल्यानं पूर्वीसारखं होत नाही, पण पुढं आखडणं थांबण्याची संधी मिळते. त्यासाठी सोडणं आजच हवं.

सोडण्याचा दिवस ठरवा, तो लग्नसराईत किंवा पोळ्याला ठेवू नका. पहिले तीन-चार दिवस सर्वात जड जातात: चिडचिड, डोकं दुखणं, झोप न येणं. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. 1800-11-2356 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन फुकट आहे, समुपदेशक बोलतात आणि पुढंही फोन करून विचारतात. यांनी पहिल्या आठवड्यात तीनदा केला. खिशात भाजलेला जवस, बडीशेप आणि थोडं मीठ लावलेला ओवा ठेवला. टपरी चुकवायला वावरात जायचा रस्ता बदलला, अर्धा किलोमीटर लांब पडला तरी. आणि ज्या वेळेला खर्रा घ्यायचे त्याच वेळेला 60 रुपये पत्र्याच्या गल्ल्यात. महिन्याच्या शेवटी टाकू म्हटलं तर ते टाकले जात नाहीत. मध्ये दोनदा सुटलं, पुन्हा धरलं. एकदा सुटलं म्हणून सगळं वाया गेलं असं घरातल्या कोणीही म्हणू नये, एवढं बायांनी आणि म्हाताऱ्यांनी सांभाळावं.

ताट, चहा, चालणं

इथं फार काही शोधायचं नाही, घरचंच परत आणायचं आहे. आमच्या सासूबाईंच्या काळात ज्वारीची भाकर रोजची होती. सोयाबीन आलं तशी ज्वारी वावरातून गेली, मग ताटातूनही गेली. धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, चार ओळी घरच्यापुरत्या ज्वारीच्या पेरा. पाखरं खातील, तरी पेरा. पावसाळ्यात तरोटा, अंबाडी, चवळीचा पाला फुकटात असतो. भाजीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह अंगी जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह कमी लागतं. बाया-पोरींच्या अंगात रक्त कमी असलेल्या घरांनी एवढी एक गोष्ट पाळली, जेवण आणि चहा यांत तासभर अंतर, तरी फरक पडतो.

मिठाचं माप घरबसल्या काढता येतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चार माणसांचे 20 ग्रॅम, म्हणजे किलोचं पाकीट 50 दिवस पुरलं पाहिजे. फोडल्याची तारीख पाकिटावर लिहा. आमचं 28 दिवसांत संपत होतं, आणि लोणचं-पापडातलं मीठ त्यात धरलेलंच नव्हतं.

चालण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या बाईला सकाळी उठून आणखी चालायला सांगू नका. तिला दुपारी अर्धा तास पाठ टेकायला आणि हातावर ताट मिळायला हवं. चालायचं आहे ते मार्च ते मे पारावर बसणाऱ्या पुरुषांनी, तेही उन्हाच्या आत, सकाळी सातपूर्वी. आणि तिशीच्या पुढच्या सगळ्यांनी उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, तिथं ही तपासणी मोफत होते. रात्रीच्या लायनीवर, म्हणजे रात्री वीज येते तेव्हा, हरभऱ्याला पाणी द्यायला जागणाऱ्यांनी तर नक्कीच.

घर रिकामं करणं: कवेलू फेरायच्या वेळी

दिवाळीची साफसफाई आपली परंपरा आहे, पण त्याच दिवसांत सोयाबीन घरात येतं आणि कपाशी फुटलेली असते. मोठा पसारा तेव्हा निघत नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. खरी वेळ मे महिन्याची. पावसाआधी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला किंवा टिनं पाहायला माळ्यावरचं सगळं खाली काढावंच लागतं. खाली काढलेली वस्तू विचार न करता परत वर चढवायची नाही.

क्रम महत्त्वाचा आहे, आणि पहिला नंबर फवारणीच्या बाटल्यांचा. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तरीही आमच्याकडं औषधाची रिकामी कॅन धुऊन तिच्यात पाणी, रॉकेल, कधी गोडं तेलसुद्धा ठेवलं जातं. असं एकही भांडं घरात राहू देऊ नका. तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्याच पंपात ओता, बाटलीला भोकं पाडा म्हणजे ती कोणी वापरणार नाही, आणि ती घरापासून, विहिरीपासून दूर ठेवा. मुदत संपलेली औषधं वापरू नका, विकत घेतली त्या दुकानात आणि कृषी सहायकाला विचारून त्यांची वाट लावा. जे वापरायचं ते कुलपात, धान्याच्या खोलीत नाही.

नंतर कापूस. भाव वाढेल म्हणून राहत्या खोलीत भरून ठेवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, पोरं रात्रभर खाजवतात, आणि एका ठिणगीत वर्ष जातं. ठेवलेला कापूस वाळून वजनालाही घटतो. आम्ही आता ठेवायचाच तर तिसरा हिस्सा ठेवतो, तोही बाहेरच्या सपरीत. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, ढीगही वावराला लागून नको, वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत राहते.

मग सांदवाडी, म्हणजे घरामागची जागा. फुटके टायर, मडकी, डबे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी. विटांचे, लाकडांचे ढीग भिंतीपासून हलवा, विंचू आणि मण्यार तिथंच सापडतात.

घरातल्या वस्तूंत आमची खरी अडचण आहेराची. लग्नात आलेल्या साड्या, टोपी-टॉवेल, एकावर एक बसणारी स्टीलची गंजं. वापरायचं ते चुलीजवळ, द्यायचं ते गरजेच्या घरी, तांब्या-पितळ-लोखंड भंगारात. जुन्या साड्यांच्या दोन गोधड्या शिवल्या की बाकीच्या सोडून द्या. भंगाराचे पैसे त्याच दिवशी गल्ल्यात. पण पसाऱ्याची दुसरी बाजू अशी की आहेर देणं थांबलं नाही तर घेणंही थांबत नाही. आमच्या बचत गटातल्या अकरा जणींनी एकमेकींकडच्या कार्यात साडी न देता 101 रुपये पाकिटात द्यायचं ठरवलं. सुरुवातीला नाकं मुरडली गेली, आता बाकीच्याही तेच करतात. गाडगेबाबा याच मातीतले, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात कर्ज काढून जेवणावळी घालू नका म्हणून सांगायचे. पसारा आणि कर्ज यांची गाठ त्यांनी तेव्हाच दाखवली होती.

शेवटी कागद. एक पत्र्याची पेटी फक्त कागदांची करा: सातबारा, आठ-अ, फेरफार, पासबुकं, विम्याच्या पावत्या, दाखले. आमच्या पेटीत मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, एक पासबुक निघालं, त्यांच्या जाण्याला बारा वर्षं झाली होती. दहा वर्षं न हाललेल्या खात्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत टाकते, पण ती बुडत नाही. वारसाचे कागद घेऊन त्याच बँकेत मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम नावाच्या संकेतस्थळावर नावानं शोधताही येतं. पासबुकं सापडली की प्रत्येकावर वारस लावलेला आहे का ते बघा, हे काम एका फेरीत होतं.

कर्ज: महाग ते आधी

सगळी कर्जं एका पानावर लिहा आणि व्याज महिन्याचं असेल तर बारानं गुणा. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के. जूनला 20,000 घेतले आणि डिसेंबरला फेडले तर 6,000 व्याज. बचत गटात शेकडा दोननं तेच 2,400 होतात, आणि ते व्याज गटातच, म्हणजे आपल्यातच राहतं. बँकेचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून 3 लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. म्हणून पीककर्जाची तारीख चुकवून सावकाराचं फेडू नका, आणि कर्जमाफीच्या आशेवर ते थकवू नका. एकदा थकलं की पुढच्या जूनला बँकेचं दार बंद होतं आणि पाऊल आपोआप शेकडा पाचाकडं वळतं.

राज्याच्या 2014 च्या सावकारी कायद्यात परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. परवाना नसताना जमीन लिहून घेतली असेल तर सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडं तक्रार करता येते. कृषी केंद्राच्या उधारीत व्याज दिसत नाही, ते वस्तूच्या किमतीत असतं. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव दोन्ही विचारून बघा.

प्रत्येक पिकाला एक काम

महिन्याला पगारातून दहा टक्के टाका, हा सल्ला आपल्याला लागू पडत नाही, कारण पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. आम्ही पिकांनाच कामं वाटून दिली.

सोयाबीन आधी येतं, ते कर्ज फेडायला आणि हरभऱ्याच्या पेरणीला. दिवाळीचे कपडे त्यातून, पण आकडा आधी वहीत लिहून. कपाशीचा पहिला वेचा, सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) केलेला, हा जूनचा. त्याचे पैसे बँकेत मुदत ठेवीत, मुदत मेच्या शेवटी संपेल अशी. दुसरा आणि तिसरा वेचा घरखर्चाचा. वर्षाच्या वहीवरून घरखर्च काढा, बारानं भागा आणि दर एक तारखेला तेवढेच काढा. तूर घरच्या डाळीला ठेवून उरलेली लांबच्या बचतीला.

हिशेब हमीभावावर मांडू नका. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, पण हमीभाव प्रत्येकाच्या हातात पडेलच असं नाही. मागच्या तीन वर्षांत तुमच्या हातात पडलेला सर्वात कमी भाव धरा. सरकारी हप्त्यांवर, मग ते सन्मान निधीचे असोत की लाडक्या बहिणीचे, कायमचा खर्च बांधू नका. आमच्या घरी ते सरळ वर्षाच्या राखीव रकमेत जातात. राखीव म्हणजे पेरणी वाया गेली तरी एक वर्ष चूल पेटती ठेवणारी रक्कम. ती जमायला आम्हाला चार वर्षं लागली.

पोस्टातल्या आवर्ती ठेवीला महिन्याला हप्ता लागतो म्हणून शेतकरी ती टाळतात. पण सहा किंवा बारा हप्ते एकदम आगाऊ भरता येतात आणि त्यावर थोडी सूटही मिळते. कापूस विकल्यावर बारा भरून मोकळं व्हायचं. पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीत, वर्षाला 500 पासून दीड लाखापर्यंत, केव्हाही, कितीही वेळा टाकता येतं, मुदत पंधरा वर्षांची. तुरीचे पैसे मार्चपर्यंत हातात असतील तर 5 एप्रिलच्या आत टाका, म्हणजे पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या खातं आधी. पतसंस्थेत मोठी रक्कम ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

तिशीतल्या माणसाला अटल पेन्शन योजनेत महिना 577 रुपये भरून साठीनंतर 5,000 मिळतात, चाळिशीनंतर त्यात शिरता येत नाही. हप्ता सहामाहीही भरता येतो, तो आपल्याला सोयीचा. तीस वर्षांनी 5,000 ची किंमत आजची राहणार नाही, म्हणून ती पेन्शन हा आधाराचा एक खांब समजा, छप्पर नाही. शहरातली माणसं वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम जमली की काम सोडता येतं असं मानतात. तो आडाखा अमेरिकेतल्या बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून निघाला आहे. आमचा वर्षाचा खर्च 1 लाख 20 हजार, म्हणजे 30 लाख. मी तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे, पण दर वर्षी मोजते ते फक्त जून आणि राखीव.

मेच्या शेवटच्या आठवड्यात 456 रुपये

जीवनज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20, दोन्ही खात्यातून याच दिवसांत कापले जातात आणि वर्ष 1 जूनला सुरू होतं. पहिल्यात 18 ते 50 वयात शिरता येतं, कशानंही मृत्यू आला तरी 2 लाख. दुसऱ्यात 70 पर्यंत, अपघाती मृत्यूला 2 लाख. नेमकं त्याच आठवड्यात बियाण्यासाठी खातं रिकामं होतं आणि विमा गुपचूप तुटतो. नवरा-बायको दोघांच्याही खात्यात 456 रुपये ठेवून मगच बाकीचे काढा. आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर तेही याच महिन्यात, पेरणी सुरू झाली की कोणाला वेळ नसतो.

वर्ष बुडालं तर

बुडेलच एखादं. तेव्हा काय सोडायचं हे आधीच ठरवून वहीत लिहा, कारण त्या दिवशी डोकं चालत नाही. आमचं ठरलेलं असं: पीपीएफ 500 वर आणायचं, म्हणजे खातं चालू राहतं. आवर्ती ठेवीचे हप्ते थांबवायचे. लग्नकार्य पुढं ढकलायचं. विम्याचे 456 सोडायचे नाहीत, पीककर्जाच्या पुनर्गठनासाठी, म्हणजे फेडीची मुदत वाढवून घ्यायला, बँकेत स्वतः जाऊन अर्ज द्यायचा, आणि जूनच्या ठेवीला हात लावायचा नाही. राखीव रकमेतून दर महिन्याला ठरल्याएवढेच काढायचे, आणि गल्ल्यातले रोजचे 60 रुपये टाकता आले नाहीत तर 10 टाकायचे, पण त्याच वेळेला.